खुर्चीवरचे साल आणि खुर्चीखालचा पुरावा

इंग्लंडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका विशिष्ट प्रकारची खुर्ची वर्षानुवर्षे विक्रीस येत आली आहे. ओकचे काळपट लाकूड, दोन्ही बाजूंना हात, सरळ उभी पाठ आणि त्या पाठीच्या फळीवर वेलबुट्टीचे दाट कोरीवकाम. वर कमानीसारखा शिरोभाग, त्याखाली तीन अक्षरे आणि एक साल, समजा, १६६४. विक्रेत्याच्या वर्णनात ‘सतराव्या शतकातील’ हे शब्द असतात, एखाद्या जुन्या घराण्याचा उल्लेख असतो, आणि पुरावा म्हणून त्या सालाचे जवळून घेतलेले छायाचित्र असते. पाहणारा तरुण इतिहासप्रेमी असेल तर त्याची नजर तिथेच खिळते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा माणसाने स्वहस्ते कोरलेला आकडा!

या धाग्याचे म्हणणे असे, की त्या खुर्चीवरील सर्वांत दुबळा पुरावा हे सालच होय. आणि म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. असे साल पाहिजे, अशी नक्षी पाहिजे, या गिऱ्हाइकांच्या हौसेपायी सतराव्या शतकातल्या कितीतरी खऱ्या खुर्च्या कायमच्या बिघडल्या. त्या जाळल्या नाहीत की मोडल्या नाहीत. त्या ‘सजवल्या’ गेल्या.

(ओक म्हटल्यावर मराठी वाचकाला कोकणस्थांचे आडनाव आठवणे साहजिक आहे. त्याचा या झाडाशी काही संबंध नाही. हा युरोपातला कठीण, दीर्घायुषी वृक्ष. त्याचेच भाईबंद हिमालयात ‘बांज’ या नावाने आढळतात.)

आधी ती खुर्ची मुळात काय होती ते पाहिले पाहिजे. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सामान्य शेतकऱ्याच्या घरी बसायला बाक आणि तिवया असत. हात असलेली, पाठीला फळी लावलेली खुर्ची घरात बहुधा एखादीच, आणि ती घरधन्याची. सभेचा प्रमुख तो इंग्रजीत ‘चेअरमन’ झाला तो यामुळेच. मराठीनेही फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द ‘खुर्ची’ असा रुळवला आणि पुढे त्याला सत्तेचाच अर्थ दिला. तत्पूर्वी ते काम ‘गादी’ करीत होती. सांगायचे एवढेच, की ही खुर्ची नुसते आसन नव्हती, घरातील अधिकाराची जागा होती. लग्नाच्या निमित्ताने ती करवून घेतली जाई तेव्हा तीवर तीन अक्षरे येत : मध्ये वर आडनावाचे आद्याक्षर, खाली नवऱ्याचे आणि बायकोचे. त्या काळी कोरीव अक्षरांत ‘जे’ बहुधा ‘आय’सारखाच काढीत. त्यामुळे १६६४ च्या सालाशेजारी आजच्या वळणाचा डौलदार ‘जे’ दिसला, तर तेवढ्यानेही कान टवकारावेत.

म्हणजे साल कोरण्याची चाल खरी होती. बनावटीचे मूळ नेहमी खऱ्या चालीतच असते. जे कधी नव्हतेच त्याची नक्कल कोण करील?

आता ती घडवण्याची रीत. ओकचा ओंडका ताजा, ओला असतानाच पाचरी ठोकून उभा चिरीत. करवतीने कापण्याऐवजी असे चिरले की लाकूड आपल्या रेषेने फुटते, मजबूत राहते, आणि त्याच्या अंगावर रुपेरी झाकेचे आडवे पट्टे उमटतात. मग एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याचे निमुळते टोक तीत बसवायचे, आणि दोहोंच्या आरपार भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची. सांध्याला सरस लागत नसे. नक्षी जोडणीपूर्वीच फळीवर कोरली जाई आणि ती उथळ असे. पार्श्वभूमी जराशी खोदून, टोकदार ठशाने ठोकून खरखरीत करायची, की फुले आपोआप उठून दिसत. पाठीची मागची बाजू, बैठकीचा खालचा भाग, जिथे कुणी पाहणार नाही ती जागा सुतार तशीच सोडून देई. तिथे त्याच्या हत्यारांचे वळ राहत. फुकटची मेहनत करायला तो काही वेडा नव्हता.

त्यानंतर काळ कामाला लागतो. ओले लाकूड वाळताना आकसते, पण ते सगळीकडून सारखे आकसत नाही. म्हणून जुन्या खुंट्यांची डोकी पृष्ठभागाच्या किंचित वर येतात. बोट फिरवले तर जाणवतात. दगडी किंवा मातीच्या ओलसर जमिनीवर पाय कुजतात, खुर्ची इंचभर, कधी अधिकही खुजी होते. पुढच्या दोन पायांना जोडणाऱ्या आडव्या दांडीवर पिढ्यान्‌पिढ्या टाचा टेकलेल्या असतात, तिची वरची कड मध्ये झिजून उतरती होते. हातांची टोके तळव्यांच्या स्पर्शाने गुळगुळीत होतात. ही झीज माणसाच्या शरीराचा नकाशा असते. नकलाकार झीजही करतो. पण तो कानशीने सगळीकडे सारखी झीज करतो, जिथे पाय कधी पोचणार नाही तिथेसुद्धा.

एकोणिसाव्या शतकात मात्र काळापेक्षा माणसाचे हात भारी पडले. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी मध्ययुगाचे आणि जुन्या वाड्यांचे वेड लावले होते. स्वतः स्कॉटने अ‍ॅबट्सफर्ड येथील आपले घर जुन्या चिजांनी आणि जुन्या लाकूडकामाने भरले होते. १८३६ मध्ये हेन्री शॉचे प्राचीन फर्निचरच्या नमुन्यांचे सचित्र पुस्तक निघाले. गिरण्या-कारखान्यांतून नव्याने पैसा आलेल्यांना पूर्वजांचे दालन हवे होते, आणि पूर्वज विकत मिळत नसले तरी त्यांच्या खुर्च्या मिळत होत्या. लंडनची वॉर्डर स्ट्रीट या व्यापाराबद्दल इतकी बदनाम झाली, की बनावट जुन्या वळणाच्या इंग्रजी गद्यालाही पुढे त्या गल्लीचेच नाव पडले.

नवी नक्कल करणे हा एक उद्योग होता, पण त्याहून स्वस्त आणि त्याहून घातक असा दुसरा होता. खऱ्या सतराव्या शतकातल्या साध्या खुर्च्या मुबलक होत्या. नक्षी नसलेली सपाट फळी, जाडजूड पाय, शेतकऱ्याच्या घरातली. तिला भाव येईना. मग पटाशी घेऊन त्या सपाट फळीवर वेली, सिंहमुखे आणि मुकुट कोरायचे, वर एक साल टाकायचे आणि सगळ्याला गडद काळा रंग द्यायचा; कारण जुना ओक काळाच असतो अशी गिऱ्हाइकाची समजूत होती. वास्तविक शतकानुशतके धूर, मेण आणि हातांचे तेल खाऊन ओकला जो रंग येतो तो मधाळ तपकिरीपासून गर्द तपकिरीपर्यंत कसाही असतो, आणि एकाच खुर्चीवर जागोजागी निराळा असतो. सारखा काळा रंग डब्यातून येतो. हे काम व्यापाऱ्यांनीच केले असेही नाही. लाकूड कोरणे हा त्या शतकाच्या उत्तरार्धात भल्या घरांतला छंद होता. १८८४ मध्ये इंग्लंडमध्ये घरगुती कलांना उत्तेजन देणारी ‘होम आर्ट्स अँड इंडस्ट्रीज असोसिएशन’ ही संस्था निघाली, आणि तिच्या वर्गांत लाकडावरील कोरीवकामाला मानाचे स्थान होते. हौशी हातांना जुनी सपाट फळी म्हणजे कोरा कागद वाटला, तर नवल नाही.

पण तो कागद कोरा नव्हता. नक्षी नसणे हीच त्यावरची नोंद होती. ज्या घराला कोरीव खुर्ची परवडत नव्हती, किंवा तिची गरजच वाटत नव्हती, त्या घराचे ते एकमेव शिल्लक लिखाण होते. श्रीमंतांच्या वस्तू जपल्या जातात, त्यांची वर्णने राहतात, चित्रे राहतात. गरिबाची खुर्ची ही बहुतेक वेळा गरिबाची एकुलती एक साक्ष असते. ती साक्ष पटाशीने पुसून तीवर श्रीमंताचे नाव घातले गेले. शंभर खोट्या खुर्च्या नव्याने बनवल्या असत्या तरी इतिहासाचे एवढे नुकसान झाले नसते, कारण खोट्या खुर्च्या कधी ना कधी बाजूला काढता येतात. खोडलेली साधी फळी परत आणता येत नाही.

ही लबाडी ओळखण्याचे एक साधन मोठे गमतीचे आहे, आणि ते एका किड्याने पुरवले आहे. लाकूड पोखरणारा भुंगेरा अळीच्या रूपात वर्षानुवर्षे आतल्या आत बोगदे काढतो आणि शेवटी पृष्ठभागाला लहानसे गोल छिद्र पाडून बाहेर पडतो. म्हणून ज्या पृष्ठभागाला नंतर कुणी हात लावलेला नाही, तिथे फक्त गोल छिद्रे दिसली पाहिजेत. कोरीवकामाच्या खोलगट भागात आडवे, अर्धे उघडे पडलेले, नागमोडी बोगदे दिसले, तर त्याचा अर्थ एकच : किडा आधी, पटाशी नंतर. त्यानंतर साल १६६४ असो की १६१२, त्या आकड्याला कवडीचे मोल राहत नाही. न्यायालयात असा निःपक्षपाती साक्षीदार मिळणे कठीण. त्याला खुर्ची विकायचीही नसते आणि घ्यायचीही नसते.

वृक्षाच्या वार्षिक वलयांवरून लाकडाचे वय काढण्याचे शास्त्र ओकच्या बाबतीत विशेष उपयोगी ठरले आहे. रुंद-अरुंद वलयांचा क्रम ज्ञात क्रमाशी जुळवला की शेवटचे शिल्लक वलय कोणत्या वर्षीचे ते सांगता येते. तरुण वाचकाला इथे विज्ञानाने निकाल दिला असे वाटते, आणि इथेच पाय घसरतो. सुतार सालीलगतचे कोवळे लाकूड किड्याच्या भयाने बहुधा काढून टाकीत, म्हणून झाड नेमके केव्हा तोडले ते शेवटच्या वलयाच्या पुढे अंदाजानेच मोजावे लागते. शिवाय वलये लाकडाचे वय सांगतात, खुर्चीचे नव्हे. नक्षीचे तर मुळीच नव्हे. जुन्या पलंगाच्या, पेटाऱ्याच्या, चर्चमधल्या बाकाच्या फळ्यांपासून एकोणिसाव्या शतकात खुर्ची केली, तरी वलये सतरावे शतकच सांगणार. ती खोटे बोलत नाहीत. त्यांना विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो.

मराठी इतिहासाच्या वाचकाला हा भेद नवा वाटू नये. बखर आणि अस्सल पत्र यांच्यात वि. का. राजवाड्यांनी जो फरक केला, तोच इथे आहे. बखर मागाहून लिहिलेली, रसाळ, नावांनी आणि प्रसंगांनी भरलेली. अस्सल पत्र रूक्ष, तुटपुंजे, पण त्या दिवसाचे. खुर्चीवरचे साल आणि तिच्यासोबत येणारी घराण्याची कथा ही बखर आहे. खुंटी, झीज आणि किड्याचा बोगदा ही अस्सल पत्रे आहेत. शिवराईचे उदाहरण तर प्रत्येक नाणेसंग्राहकाच्या हातातले आहे. शिवछत्रपतींचे नाव असलेली तांब्याची नाणी त्यांच्यानंतर पेशवाईतही, शतकाहून अधिक काळ पाडली जात होती. नाव खरे, नाणे खरे, तरी सरसकट ‘शिवकालीन’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक शिवराई शिवकालीन नव्हे. वस्तूवर लिहिलेले आणि वस्तूने सांगितलेले यांत अंतर असते.

कथेला किती किंमत येऊ शकते, याचा नमुना शेक्सपिअरच्या जन्मगावी घडला. स्ट्रॅटफर्ड येथील त्याच्या जन्मघरात ‘शेक्सपिअरची खुर्ची’ दाखवली जाई. १७९० मध्ये पोलंडची राजकन्या इझाबेला चार्टोरिस्का तिथे आली आणि तिने ती खुर्ची वीस गिन्यांना विकत घेतली. तिने ती पोलंडला नेऊन पुलावी येथील आपल्या संग्रहात मोठ्या आदराने ठेवली. व्यवहार तिथेच संपायला हवा होता. परंतु १८१५ मध्ये अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग त्याच घरी गेला, तेव्हा शेक्सपिअरची ओकची खुर्ची चुलीजवळच्या आपल्या कोपऱ्यात हजर होती! ती कुणा उत्तरेकडच्या राजकन्येला विकली होती, आणि तरी ती परत आली, हे त्याने मिश्कीलपणे नोंदवले आहे. येणारा प्रत्येक जण तीत बसून पाहत असल्यामुळे दर तीन वर्षांनी तिची बैठक नवी करावी लागते, असेही तो सांगतो. तेव्हा त्या खुर्चीत शेक्सपिअर कधी बसला असला, तरी त्याचे बूड टेकलेली फळी केव्हाच गेली होती.

याच गावाने आणखी एक खुर्ची विकली. सॅम्युअल आयर्लंड नावाचा लंडनचा चित्रकार-संग्राहक १७९० नंतरच्या काही वर्षांत तिथे गेला आणि शेक्सपिअरच्या पत्नीच्या माहेरघरातून ओकची खुर्ची घेऊन आला. प्रियाराधनाच्या दिवसांत कवी तीत बसत असे, असे त्याला सांगण्यात आले होते आणि ते त्याने मानले. सोबत त्याचा किशोरवयीन मुलगा विल्यम हेन्री होता. बापाची भक्ती किती सहज फसते हे त्या मुलाने पाहिले. थोड्याच काळात त्याने शेक्सपिअरच्या सह्या, पत्रे, करार आणि अखेर एक अख्खे नाटक स्वतःच्या हाताने ‘शोधून’ काढले. ते नाटक २ एप्रिल १७९६ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात रंगमंचावर आले आणि प्रेक्षकांच्या हास्यकल्लोळात त्याच रात्री बुडाले. बापाने मात्र कागद खोटे असल्याचे मरेपर्यंत मानले नाही. विकत घेतलेल्या श्रद्धेतून बाहेर पडणे असे अवघड असते.

याउलट ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील खुर्ची पाहा. फ्रान्सिस ड्रेकने ज्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याच्या मोडीव लाकडाची ती केलेली आहे, असे सांगतात. हे ऐकायला बाजारू दंतकथेसारखेच वाटते. पण डेटफर्ड येथील आरमारी गोदामांचा रखवालदार जॉन डेव्हिस याने ती १६६२ मध्ये ग्रंथालयाला भेट दिली. जहाज डेटफर्डलाच ठेवलेले होते. खुर्चीवर त्याच काळातील कवी अब्राहम काउली याने कविता रचली. देणारा कोण, त्याच्या हाती ते लाकूड कसे आले आणि ती तेव्हापासून कुठे आहे, ही साखळी इथे समकालीन नोंदींनी जुळते. म्हणून तिची कथा विश्वासार्ह ठरते. लेखामुळे खुर्ची खरी ठरत नाही. खुर्चीबाहेरच्या नोंदींनी लेख खरा ठरतो.

तज्ज्ञही चुकतात का? चुकतात, आणि अमेरिकेत एकाने ते मुद्दाम घडवून आणले. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून गेलेल्या विल्यम ब्रूस्टरच्या नावाने ओळखली जाणारी, कातीव दांड्यांची एक भारदस्त खुर्ची तिथे राष्ट्रीय वारशासारखी जपली जाते. १९६९ मध्ये ऱ्होड आयलंडचा शिल्पकार अरमाँ लामाँटेन याने तशी एक खुर्ची बनवली, तिला जुनेपण आणले, काही दांड्या गहाळ ठेवल्या आणि ती कोणताही दावा न करता बाजारात जाऊ दिली. हातोहात फिरत १९७० मध्ये ती हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,००० डॉलरला घेतली. १९७७ मध्ये लामाँटेनने सत्य उघड केले. संग्रहालयाने क्ष-किरणांनी तपासणी करवली तेव्हा दांड्या बसवलेल्या भोकांचे तळ दिसले : सतराव्या शतकातील गिरमिटाने पडणारी गोलाकार भोके नव्हती, आधुनिक गिरमिटाची होती. त्याने ते जाणूनबुजून तसेच ठेवले होते. त्याला पैसा नको होता. तज्ज्ञांची घमेंड उतरवायची होती.

संग्रहालयाने पुढे जे केले ते मोलाचे होय. ती खुर्ची तळघरात न लपवता, बनावट वस्तू कशी ओळखावी हे शिकवण्यासाठी तिने ती वापरली. लामाँटेनचे कृत्य मात्र निव्वळ कौतुकाने सोडून देण्यासारखे नाही. त्याने निदान नवे लाकूड घेतले. एखादी खरी जुनी खुर्ची त्याने बिघडवली नाही. पण त्याला इतके यश आले याचे कारण तज्ज्ञांचे अज्ञान एवढेच नव्हते. सर्वांना ती खुर्ची खरी असायला हवी होती. खुर्ची उलटी करण्याची, भोकात डोकावण्याची इच्छाच अशा वेळी मंदावते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एकोणिसाव्या शतकातील ते कोरीवकामही आता दीडशे वर्षांचे झाले. तोही इतिहासच नव्हे काय? आहे. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडला आपला भूतकाळ कसा असावा असे वाटत होते, हे त्या सिंहमुखांतून जितके कळते तितके क्वचितच कशातून कळेल. त्या खुर्चीला ‘सतराव्या शतकातील साधी खुर्ची, एकोणिसाव्या शतकात कोरलेली’ असे म्हटले, तर तिच्याविषयी कुरकुर करण्याचे कारण उरत नाही. किंमत कमी होईल, एवढेच. गेल्या दोन-तीन दशकांत अशा जड तपकिरी फर्निचरचे भाव तसेही उतरले आहेत. तेव्हा खरे बोलण्याचा तोटा पूर्वीइतका राहिलेला नाही.

लिलावगृहांच्या सूचीत या सत्यासाठी एक छोटी सोय पूर्वापार आहे. ‘सतरावे शतक’ असे लिहिले तर एक अर्थ, ‘सतराव्या शतकाच्या शैलीतील’ असे लिहिले तर निराळा, आणि ‘सतरावे शतक व नंतरचे’ असे लिहिले तर सर्वांत सावध. ‘व नंतरचे’ या दोन शब्दांत नवे पाय, नवी बैठक, नंतरची नक्षी, सारे काही मावते. सराईत गिऱ्हाईक ते दोन शब्द आधी वाचतो आणि मग विक्रेत्याकडे सालाच्या छायाचित्राऐवजी दुसरीच छायाचित्रे मागतो : खुर्ची उलटी ठेवून बैठकीच्या खालून घेतलेले, पाठीच्या फळीचे मागून घेतलेले, आणि पुढच्या आडव्या दांडीच्या वरच्या कडेचे.